सरकारी मामा

लियाकतमामा गेला. मी वरोऱ्याले पोचली तवा मानसं कबरस्तानातून वापस आली होती आन् घरात बायका बसल्या होत्या. खैरुनमामी मले पाहून रडाले लागली, मंग मी बी लागली. बाजूच्या एका म्हातारीनं हळूच इचारलं, "ये कौन है?" मामाची पोरगी सलीमा म्हने, "अब्बा की भांजी." म्हातारीनं माह्या कपाळावरचं कुकू पाह्यलं, बांगड्या पाह्यल्या, मंग मामीकडे पाह्यलं. मामी रडता रडता म्हने, "सरकारी भांजी है." म्हातारी अजूनच घाबरली. तिले वाटलं कचेरीतून कोनी चौकशीले आलं.

लियाकतमामा काही माह्या मायचा भाऊ नोहता. मायले भाऊच नोहता. तो वरोऱ्याचा पिंजारी. आमच्या गोंडपिपरीकडे धानाचं चुरनं, म्हनजे मळनी, झाली का दरसाल हिवाळ्यात ये. बैलगाडीत कापसाचे गठ्ठे, खांद्यावर कापूस पिंजाची धुनकी. पाटलाच्या आंगनात बसे आन् दिवसभर त्या धुनकीच्या तातीवर मोगरी हाणे, तांय तांय तांय. आमच्याकडे कापूस होत नाई, धान होते, म्हनून गादी म्हना का रजई म्हना, लियाकतशिवाय होत नोहती. मानूस बारका, नाक लांब, आन् दाढीत कापूस अडकलेला. हिवाळ्यात त्याची दाढी पांढरी दिसे, घरी जाऊन धुतली का काळी.

मेल्या मानसाबद्दल चांगलं बोलाव म्हनतेत, पन खरं तेच सांगते, मामा धंद्यात बेइमानच होता. नव्या कापसाचे पैसे घे आन् आत जुना कोंबे. माही काकू सुगंधाबाई, जिच्या घरी मी वाढली, तिनं एकडाव शिवण उसवून पाह्यलं. म्हने, "लियाकत, हा तं माह्याच जुन्या गादीतला कापूस हाय!"

"मंग? तुमचाच हाय नं बाई? परका तं नाई घुसवला."

काकूनं शिवण परत घातली. मामा असा होता. दिवसभर खोकले, बिडी पिये, पोट्ट्याइले कापसाले हात लावू नोको म्हनून शिव्या दे, आन् बायका जेवाले काय आनतेत तिकडे एक डोळा ठेवे. धुनकीची ते बारीक धूळ छातीत बसली, तिनंच नेलं त्याले.

आता सरकारी कसा झाला ते सांगते.

मी दहाएक वर्साची असन. बाप आंधीच गेला होता. मंग मायले आन् मले संगच मुदतीचा ताप आला, त्याच्यात माय गेली, मी राह्यली. पन डोक्स्यावरचा एक एक केस झडला. पोट्टे मले टकली म्हनत. शाळेत, विहिरीवर, जिथी जाव तिथी टकली. मंग हळूहळू केस आले. आले ते आंधीसारखे सरके नाई, गुंडाळे गुंडाळे, तांबूस. पन आले. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा एवढे झाले का मांगं ओढून फीत बांधता ये. लाल फीत होती मायची. मी दिवसातून किती डाव ते सोडू आन् बांधू, काकू वैतागून जाये.

आन् त्याच हिवाळ्यात गावात जीपगाडी आली.

गाडीत एक प्रोफेसर सायब. मुंबईच्या कोन्या मोठ्या कालेजातले, पन जीपगाडी म्हनजे सरकारच, असं गावानं धरलं. जंगलाकडच्या पोट्ट्याइचं डोक्सं केवढं असते, नाक कसं असते, केस कसे असते, हे पाहाले आले होते. त्याइच्यापाशी एक लोखंडाचा मोठा चिमटा होता डोक्सं मोजाचा. आन् एक कात्री. कानामांगच्या केसाची बट कापाची आन् कागदाच्या पुडीत बांधाची. मेडिकलच्या पुड्या असतेत तशा. पोट्ट्याइनं पहिल्याच दिवशी त्याइचं नाव ठेवलं, केसवाला सायब.

सायब मानूस कायद्याचा होता. चावडीत गुनवंतराव पाटलाच्या पुढी उभे राहून त्याइनं भाषन देल्लं. "आम्ही परवानगीशिवाय एकाही मुलाला हात लावत नाही. तसं करणं हे आमच्या शास्त्राला धरून नाही. मला फक्त एवढं सांगा, तुमच्याकडे मुलांच्या बाबतीत अधिकार कुणाचा असतो?"

पाटील त्या वक्ती सायबाच्या हातातली कात्री पाहून राह्यले होते. आमच्याकडे लेकराचं पहिलं जावळ मामाच्या मांडीवरच काढतेत, मामाशिवाय कात्री लागत नाई. पाटलाले वाटलं सायब त्याचंच इचारून राह्यले. म्हने, "मामाचा."

"मामाचा? वडिलांचा नाही?"

"बापाचं काय काम त्याच्यात? बाप बाजूले उभा रायते."

सायबाचा चेहरा असा झाला जसा जंगलात मोहरांचा हांडा भेटला. त्याइनं पाटलाले अजून एकडाव इचारलं, कोतवालाले इचारलं. लटारू कोतवाल म्हने, "हाव सायब, मामाच. जुनी रीत हाय." सायबानं ते लिवून घेतलं. या गावात बापाले काहीच अधिकार नाई, समदा कारभार मामाचा हाय, असं त्याइनं मुंबईले बी कळवलं म्हनतेत.

मंग ते हटूनच बसले. केसाले मामा, चिमट्याले मामा, दात पाहाचे तरी मामा. माहा काका एक दिवस चावडीत म्हने, "सायब, पोरगं माहं हाय, मी हाव म्हनून राह्यलो, घ्या मोजून." सायब मोठ्या मायेनं त्याइले समजावत, "नाही नाही, तुमच्या समाजरचनेत तुम्हाला तो अधिकार नाही."  दुपारपर्यंत गावातल्या समद्या बायकाइले हे समजलं. त्या दिवशी कितीक बापाइले घरी पानी बी स्वतःच्या हातानं घ्याव लागलं.

लटारूले गावोगाव पाठवलं, मामा आना. आन् पाटलानं सायबाच्या कानात सांगतलं का मामाले नुसतं बोलवत नसतेत, आहेर लागते, जेवन लागते. सायबानं गोंडपिपरीहून धोतराचे ठान आनले. हे बातमी गेली आन् मामा आले ना बाप्पा! वडश्याकून आले, चांद्याकून आले. ज्याइनं बहिनीचं तोंड कितीक सालापासून पाह्यलं नोहतं, ते बी डोळ्यात पानी आनून आले. एकाच्या दोन बहिनी आमच्या गावात देल्लेल्या, तो दोन धोतरं मांगे. पाटलाचा साळा तं पाटलाच्या घरीच पडून राये, त्यानं बी आंग धुतलं आन् नवा पाहुना होऊन समोरच्या दारातून आत आला.

रीत मांडीची, म्हनून पोट्टं मामाच्या मांडीवरच बसलं पाहिजे, हे बी ठरलं. जावळाचं लेकरू असते एवढंसं. इथी मिसरूड फुटलेले पोट्टे. पोचूचा मामा वाळल्या तुराटीवानी, आन् पोचू बसला त्याच्या मांडीवर पाय टेकवून. मामा म्हने, "लवकर करा हो सायब, माहे पाय गेले." सायब म्हने, "हलू नका. नैसर्गिक बसा."

समद्याइले इचारलं. मामाले इचारलं, पाटलाले इचारलं, कोतवालाले इचारलं. पोट्ट्याइले कोनी काही नाई इचारलं. पोट्ट्याइनं फक्त आपापलं डोक्सं घेऊन हजर राहाचं. केस दुसऱ्याच्या हाती गेले तं करनी करतेत, हे आमाले लहानपनापासून सांगतलेलं. विंचरल्यावर गुंता निघाला तं बायका मातीत पुरत. मंग हे सायबाच्या पुड्या कशा चालतेत, असं एका पोरीनं आपल्या मामाले इचारलं. मामा म्हने, "चुप बस. धोतराले पाह्य कसं मऊ हाय."

मी दोन दिवस दूरच राह्यली. मले मामा नाई म्हनजे मले बोलावनं नाई, असं वाटून मी खुश होती. तिसऱ्या दिवशी विहिरीवर सायबानं मले पाह्यलं. मले म्हनजे माह्या केसाले. गुंडाळे, तांबूस. अशे दुसऱ्या कोनाचेच नोहते गावात.

"हिचा मामा कुठे आहे?"

लटारू म्हने, "नाई सायब. मायले भाऊच नोहता. माय बी गेली. बाप बी."

आता मामाशिवाय हात लावत नाई म्हनून एवढं समदं चाललेलं. मले वाटलं सायब म्हनन, मंग राहू द्या. पन सायब अजून खुश झाले. "म्हणजे हिच्याबाबतीत परवानगी घ्यावी असं कुणीच नाही. मग अडचणच मिटली." आन् बोटानं दाखवलं, एक बट नाई, मांगून मधातून, मुळापासून मूठभर पाहिजे. फीत बांधतो तिथूनच.

काकू म्हने, "घ्या ना सायब. वाढतेत परत. फक्त मामाले धोतर देता, तं मामा नाई तिथी काकूले लुगडं..."

सायब म्हने, "अवश्य."

मी पळाली. पाटलाच्या आंगनात लियाकतचा पिंजलेल्या कापसाचा ढीग होता, छातीएवढा. मी आत घुसली. लियाकत वरडला, "ए! ए! निघ! माहा माल..." मंग माहं तोंड पाह्यलं आन् धुनकी हाणू लागला. पन कापसात मानूस राहू शकत नाई हो, नाकातोंडात जाते. मी शिंकली.

त्याच आंगनात मामालोकाची पंगत बसली होती. भात, लाखोळीच्या डाळीचं वरन, वांग्याची भाजी. लियाकतले बाजूले कुडाजवळ पत्रावळ वाढलेली, पन एकडावच वाढली होती आन् मामालोकाइले तं आग्रहावर आग्रह. हे त्याले सकाळपासून लागलं होतं. सायब, काकू, लटारू मले शोधत आंगनात आले, आन् लियाकत धुनकी बाजूले ठेवून उभा राह्यला.

"सायब, मामाले धोतर देऊन राह्यले म्हनतेत?"

"हो. पण तुम्ही कुणाचे मामा?"

लियाकतनं इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. मंग कापसात हात घालून मले बाहेर काढलं. मी डोक्स्यापासून पायापर्यंत पांढरी, म्हातारीवानी. "हे माही भाची."

पंगतीत हासनं फुटलं. पाटलाचा साळा म्हने, "कोठून गा लियाकत? वरोऱ्याहून भाची कवा पैदा झाली?" काकू म्हने, "काहीच्या काही बोलू नोको रे! धोतरासाठी मामा होतं का?"

"मंग हे बाकीचे काहासाठी झाले बाई?"

 समदे वरन ओरपाले लागले.

आता मामा धोतरासाठीच उठला होता, याच्यात मले काही शंका नाई. त्यानं स्वतः बी कधी नाई म्हटलं नाई. पन सायबाले हे नवंच भेटलं. हिंदूची भाची, मुसलमान मामा! त्याइनं घाईघाईनं इचारलं, "ही तुमची मानलेली भाची? तुमच्या दोन्ही समाजांत ही पद्धत आहे?"

लटारू म्हने, "हाव सायब. जुनी रीत हाय."

सायबानं लिवून घेतलं. नाव, गाव, धंदा, मामा. ठानातून धोतर काढून लियाकतच्या हातात देल्लं आन् कात्री उघडली. "तर मामा, तुमची हरकत नाही ना?"

लियाकत अंगठ्यानं धोतराचा पोत पाहून राह्यला होता. धोतर तो नेसत नोहता, पन त्याच्यात दोन रजयांच्या खोळी निघत होत्या, ते त्याच्या डोळ्यात दिसत होतं. तसंच धोतर धरून त्यानं माह्याकडे पाह्यलं.

"काय व पोरी, देतं का केस?"

पंगतीतले समदे एकदमच बोलाले लागले. "तिले काय इचारतं?" "मामा तू हाय का ते?" "लेकराले इचारून कोन काय करते बे?"

मी म्हनली, "नाई." एवढंसंच निघालं, तोंडात कापूस होता. मंग थुकून अजून जोरानं म्हनली, "नाई देत. माहे आत्ताच आले."

लियाकतनं उसासा टाकला. धोतराची घडी सरकी केली, एकडाव अजून हात फिरवला आन् सायबाच्या पुढी धरलं. "नाई म्हनते सायब."

"पण तुमचं मत काय?"

"माहं मत तं धोतराचंच हाय. पन केस तिचे हाय."

सायब खाली बसले, माह्या तोंडासमोर तोंड आनलं. खिशातून गोळी काढली. "बाळ, हे तुझ्यासाठी नाही, देशासाठी आहे. देशाला याचा उपयोग होणार आहे."

मी काही बोलाच्या आंधी लियाकत म्हने, "काऊन सायब, देश टकला झाला का?"

पाटील बी हासले. सायब हासले नाई. उठले, म्हने, "तुम्ही तुमचा अधिकार नीट वापरत नाही आहात. मामानं निर्णय घ्यायचा असतो."

"घेतला नं मंग. मामा मी. मी म्हनतो तिले इचारा. आता तुमच्या कायद्यात मामाचं चालते का नाई चालत, हे तुमी पाहा."

सायब कात्री तशीच उघडी धरून उभे. त्याइनंच लिवलं होतं, मामाचंच चालते. आता खोडाचं कसं? कात्री मिटली.

पन गडबड तं पुढीच झाली. बाकीचे पोट्टे कुडावर बसून पाहून राह्यले होते. पोचू कुडावरून उतरला आन् म्हने, "मले बी इचारा." दुसरा म्हने, "मले बी." जे पोरगी करनीले भ्याली होती ते म्हने, "माहे कापले ते वापस द्या." सायब म्हने, "ते आता शास्त्राचे झाले." पोट्टी म्हने, "नाई, माहे हाय." आन् मामालोक पत्रावळी सोडून उठले, कारन धोतर जाते का राह्यते हाच सवाल होता. कोनी भाच्याले दटावून राह्यला, कोनी बोरं देतो म्हने. पाटलाच्या साळ्याचा भाचा झाडावर चढून बसला, उतरलाच नाई. दुसऱ्या दिवशी साळ्यानं सायबाले पुडी नेऊन देल्ली. कोनी म्हनतेत त्याच्यात पाटलाच्या बकरीचे केस होते. मुंबईले त्याच्यावर काय लिवलं असन, देव जाने.

जीपगाडी गेली. त्या पोरीचे केस बी गेले, वापस काही भेटले नाई. माहे राह्यले.

पन लियाकतचं लचांड मांगं राह्यलं. त्याले वाटलं, धोतर नाई भेटलं, गोष्ट खतम. काकूचं लुगडं गेलं होतं, ते कशी सोडन? गाडी जुपून निघाला तं काकू आडवी उभी. "मामा हाय नं? सायबाच्या पुढी लिवून देल्लं नं? मंग भाचीले चोळीबांगडी कोन करन?"

"बाई, मी तं बोलता बोलता..."

लटारू म्हने, "आता कसं होते लियाकत? सरकारी मामा झाला तू. याच्यातून सुटका नाई."

मंग दरसाल हिवाळ्यात तो कुरकुर करत माह्यासाठी कपडा आने. आता पिंजारी कोनता कपडा आनन? रजईच्या खोळीची छीट उरे, तिचंच झंपर, तिचाच घागरा. मोठे मोठे फुलं, मोर, वेली. मी शाळेत गेली का पोट्टे म्हनत, "आली व रजई आली." म्या मामाले सांगतलं तं म्हने, "थंडी वाजते का तुले? नाई नं? मंग झालं." पन त्याच कपड्यात एकडाव पाहाव तं शिवण दुहेरी घातलेली, वाढत्या आंगासाठी आत कपडा सोडलेला. खैरुनमामीनं शिवलं असन म्हनून मी इचारलं. मामी म्हने, "मैंने कहां? वो खुद बैठा था रात को."

एकोनसाठ साली माहं लगन ठरलं. काकानं ठरवलं. पोरगा गोंडपिपरीच्या पल्याडचा, दसरू नाव. मले पोरगा दाखवला नाई, पोराले मी दाखवली नाई. समदं चांगलं हाय असं समद्याइनं एकमेकाले सांगतलं.

लगनात नवरीले मांडवात आनाले मामा लागते. काका म्हने, दुसरा कोनी उभा करू, मुसलमानाले मांडवात कसं न्याव? पाटील म्हातारे झाले होते, म्हने, "कागदावर त्याचंच नाव हाय गा. दुसरा मामा कोठून आनतं? सरकार इचारन तं?" कोन्या सरकारले आमच्या मांडवाची पडली होती! पन सरकार म्हटलं का काका भे. तं लियाकतमामा आला. मामी आली, सलीमा आली. मामानं दाढी धुवून आनली होती, पन खोकला तसाच.

मांडवात अंतरपाट धरला होता, तिकडून दसरू उभा. मामानं मले हाताले धरून आनलं, पाटावर उभी केली. भटजीनं तोंड उघडलं तेवढ्यात मामा मांगून म्हने, समद्याइले ऐकू जाईन असं, "कमळे, जातं का व?"

भटजी थांबला. काका दातावर दात धरून म्हने, "लियाकत! हे इचाराची रीत नाई!"

"केसाच्या वक्ती इचारलं होतं भाऊ. हे तं आक्खी पोरगी जाऊन राह्यली."

मले काय सुचलं मालूम नाई. मी म्हनली, "मामा, म्या पाह्यलाच नाई तं काय सांगू?"

वऱ्हाडात गलका झाला. नवऱ्याची माय म्हने, "अवो बाई, काय पोरगी हाय!" मामानं कोनाकडे पाह्यलं नाई. पुढी आला, कपडा पाहाची त्याची सवय, अंतरपाटाची कोर दोन बोटात धरली आन् वर केली.

"पाहून घे. घाई नोको करू."

म्या पाह्यलं. दसरू बी पाहून राह्यला होता. घामानं थबथबला होता, मुंडावळ्या नाकात गेल्या होत्या, आन् त्याले हासू बी येत होतं. मामानं त्याले बी इचारलं, "तू बी सांग गा, तुले बी कोनी इचारलं नसन." दसरूनं मान हालवली. इचारलं नोहतं म्हनून हालवली का पसंत हाय म्हनून हालवली, हे तो आजूनबी सांगत नाई.

मंग मी म्हनली, "हाव, जाते."

मामानं अंतरपाट सोडला आन् भटजीले म्हने, "चला महाराज, आता म्हना."